मुलताईची तुळस आणि वासाचं जनुक

यंदा होळीच्या आधी नागपूरहून मामांचा फोन आला. मुलताईचं घर विकायचं ठरलं होतं. आजी गेल्यापासून ते बंदच होतं, कौलं गळत होती, आणि मामांना दर महिन्याला फेऱ्या मारणं जमत नव्हतं. मार्चअखेर रजिस्ट्री. घेणारे ते पाडून पुढे दुकानं काढणार होते. मामा आईला म्हणाले, "ताई, तुला काय हवं ते आत्ताच सांग. पितळेचे डबे आहेत, आईचा पाट आहे, लाकडी कपाट आहे."

आई म्हणाली, "मला अंगणातली तुळस दे."

मी समोरच लॅपटॉप उघडून बसलो होतो. त्या आठवड्यात आमचं रिलीज होतं, डोकं तापलेलं होतं. फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "आई, तुळस इथे पिपलानीच्या नर्सरीत तीस रुपयांना मिळते. तिच्यासाठी दोनशेवर किलोमीटर जायचं? आणि आपल्या गॅलरीत आहे की एक."

"आहे ना. तिला रोज पाणीही घालते. पण ती आपली नव्हे. तिला तो वास नाही."

मी बीई केलेला माणूस. 'तो वास' हे काही मला कारण वाटलं नाही. माहेरचं घर जातंय, आईचं मन हळवं झालंय, म्हणून तिला असं वाटतंय, असा निष्कर्ष मी काढून मोकळा झालो. तरीही शनिवारी गाडी काढली, कारण घरात वाद नको होता.

मुलताईच्या अंगणात वृंदावनाचा एक कोपरा ढासळला होता, पण तुळस उभी होती. खोड लाकडासारखं झालेलं. उपटून आणली तर जगणार नाही, हे आईलाच माहीत होतं. तिने हात जोडले, काहीतरी पुटपुटली आणि सहा फांद्या कापून घेतल्या. वाळलेल्या थोड्या मंजिऱ्याही कागदात बांधल्या. परतीच्या वाटेवर गाडीभर वास होता. मला तो नेहमीचाच तुळशीचा वास वाटला.

बश्यांची परीक्षा

त्या रात्री आमच्या आठ वर्षांच्या लेकीने प्रश्न सोडवायला घेतला. तिने तीन बश्या मांडल्या. एकीत मुलताईच्या तुळशीची पानं, दुसरीत आमच्या गॅलरीतली, तिसरीत खालच्या मजल्यावरच्या काकूंकडची. पानं चुरगळली. आजीच्या डोळ्यांवर ओढणी बांधली आणि बश्यांची जागा बदलत पाच वेळा विचारलं, "आजी, मुलताईची कुठली?"

आईने पाचही वेळा बरोबर सांगितलं. वर म्हणाली, "हिला लवंगेचा झटका आहे. तुमच्या गॅलरीतली गोडसर आहे. आणि काकूंची मधलीच कुठली तरी."

तीन बश्यांतून पाच वेळा निव्वळ अंदाजाने बरोबर सांगण्याची शक्यता २४३ मध्ये १. म्हणजे आईच्या हळवेपणाचा यात संबंध नव्हता. पानांमध्येच काहीतरी वेगळं होतं, आणि ते तिच्या नाकाला कळत होतं, मला कळत नव्हतं. मग मात्र मला स्वस्थ बसवेना. पुढचे पंधरा दिवस रात्री काम संपल्यावर मी एकाच गोष्टीबद्दल वाचत होतो: तुळशीचा वास तयार कोण करतं, आणि त्याचा हुकूम कुठे लिहिलेला असतो? जे समजलं ते इथे मांडतो. मी जीवशास्त्राचा माणूस नाही, त्यामुळे उदाहरणं माझ्या धंद्यातली येतील.

वास राहतो कुठे?

तुळशीचं पान उलटं करून भिंगातून पाहा. बारीक चकाकते ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी. प्रत्येक ग्रंथी म्हणजे मोजक्याच पेशींचा एक कारखाना, आणि वर पातळ आवरणाखाली साठवलेला तेलाचा थेंब. पान चुरगळलं की आवरण फुटतं, तेल उडतं आणि आपल्याला वास येतो. न चुरगळता तुळस फारशी घमघमत नाही ती याचमुळे.

हे तेल म्हणजे एक पदार्थ नव्हे, अनेक पदार्थांचं मिश्रण. ते वेगळे करायला गॅस क्रोमॅटोग्राफी नावाचं यंत्र वापरतात. एका लांब, केसासारख्या बारीक नळीतून तेलाची वाफ सोडायची. भोपाळहून एकाच वेळी सुटलेल्या गाड्या इटारसीला वेगवेगळ्या वेळी पोहोचाव्यात, तसे त्यातले पदार्थ नळीच्या दुसऱ्या टोकाला वेगवेगळ्या वेळी पोहोचतात. तिथे दुसरं यंत्र त्यांचे तुकडे करून वजन मोजतं आणि पदार्थ ओळखतं.

आपल्या घरच्या तुळशीत अनेकदा सापडणारं एक महत्त्वाचं नाव म्हणजे युजेनॉल. हे नाव नवीन असलं तरी वास तुम्हाला ठाऊक आहे. लवंगेच्या तेलात मुख्यतः तेच असतं. दात दुखला की आजी लवंग धरायला सांगायची, आणि दातांचे डॉक्टर झिंक ऑक्साइडमध्ये युजेनॉल कालवून तात्पुरतं सिमेंट भरतात. दवाखान्यात शिरल्या शिरल्या जो वास येतो, त्यात याचा वाटा मोठा.

काही तुळशींमध्ये मात्र युजेनॉलऐवजी त्याचा सख्खा भाऊ, मिथाइल युजेनॉल, जास्त असतो. रेणूवर एक छोटासा मिथाइल गट चढवला की झाला. वास बदलतो आणि गुणही बदलतो. आंब्याच्या फळमाशीचे नर मिथाइल युजेनॉलच्या वासाने वेडे होऊन येतात. कोकण कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा याच गोष्टीवर चालतो. आंब्याच्या बागेत टांगलेल्या त्या डब्या अनेकांनी पाहिल्या असतील.

म्हणजे दिसायला सारख्या दोन तुळशींच्या तेलाचा मसाला वेगळा असू शकतो. आमच्या तीन बश्यांमध्ये नेमकं काय होतं हे यंत्राशिवाय सांगता येणार नाही. पण आईच्या 'लवंगेचा झटका' या शब्दांना रसायनशास्त्रात जागा आहे, एवढं नक्की.

लाकडाच्या वाटेवरचं एक वळण

युजेनॉल कसं बनतं ते वाचून मी चकित झालो. सुरुवात होते फिनाइलअॅलनीन नावाच्या अमिनो आम्लापासून. एकामागून एक एन्झाइम त्यात बदल करत जातात, जशी आपल्या कोडमध्ये एका फंक्शनचं उत्तर पुढच्या फंक्शनला जातं. वाटेत कोनिफेरिल अल्कोहोल नावाचा पदार्थ तयार होतो. झाडाच्या खोडाला कडकपणा देणारं लिग्निन ज्या विटांनी बांधलं जातं, त्यातली ही एक वीट. बहुतेक पेशी ती लाकूड बनवायला वापरतात. तुळशीच्या तेलग्रंथीत मात्र एक एन्झाइम तिला अॅसिटेटची शेपटी जोडतं, आणि दुसरं एन्झाइम ती शेपटी काढून युजेनॉल तयार करतं. या शेवटच्या कारागिराचं नाव युजेनॉल सिंथेज.

एकच कच्चा माल. इकडे वळला तर लाकूड, तिकडे वळला तर सुगंध.

प्रत्येक एन्झाइम कसं बनवायचं त्याची कृती डीएनएमध्ये एका जनुकाच्या रूपाने लिहिलेली असते. म्हणून 'वासाचं जनुक शोधणं' म्हणजे पानाच्या वासापासून उलटं मागे चालत जाणं: वास, मग पदार्थ, मग तो घडवणारं एन्झाइम, आणि शेवटी त्या एन्झाइमची कृती.

कोट्यवधी अक्षरांतून एक कृती शोधायची कशी?

लाखो ओळींच्या कोडमध्ये एक फंक्शन शोधायचं असेल, आणि त्याचं नावही माहीत नसेल, तर आपण काय करू? शास्त्रज्ञांनीही साधारण तेच केलं.

पहिली पद्धत सरळ पण कष्टाची. आधी एन्झाइम हातात घ्यायचं. अमेरिकेत वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात रॉडनी क्रोटो यांच्या गटाने पुदिन्यावर असं काम केलं. पानातल्या तेलग्रंथींतून लिमोनिन बनवणारं एन्झाइम शुद्ध केलं, त्याच्या साखळीतले काही अमिनो आम्लांचे तुकडे वाचले, आणि त्यावरून जनुकाचा अंदाज बांधून ते शोधून काढलं. साल १९९३. सुगंधी तेलांच्या जनुकांच्या शोधातला हा मैलाचा दगड मानतात.

दुसरी पद्धत जास्त चलाख. सगळ्या झाडात न शोधता कारखान्यातच जाऊन शोधायचं. पुदिन्याची किंवा तुळशीच्या जातीतल्या बेसिलची कोवळी पानं काचेच्या बारीक मण्यांबरोबर घुसळली की पृष्ठभागावरच्या ग्रंथी सुट्या होतात. त्या गाळून घ्यायच्या आणि त्यांतला आरएनए काढायचा. डीएनएमध्ये सगळ्याच कृती असतात. पण आरएनए म्हणजे त्या क्षणी त्या पेशीत खरोखर चालू असलेल्या कृतींच्या प्रती. आमच्या भाषेत, सगळा सोर्स कोड न वाचता चालू प्रोसेसचा लॉग वाचायचा. ग्रंथीच्या पेशी तेल करण्यातच गुंतलेल्या असतात, त्यामुळे त्या लॉगमध्ये तेलाच्याच नोंदी भरपूर मिळतात.

मग मिळालेले तुकडे जगभरच्या डेटाबेसमधल्या ओळखीच्या जनुकांशी ताडून पाहायचे. यासाठी १९९० साली आलेला ब्लास्ट हा प्रोग्रॅम आजही वापरतात. तो तंतोतंत जुळणारंच नव्हे, तर 'बरंचसं सारखं' असलेलंही शोधतो. आमच्या क्षेत्रातल्या कुणी जीवशास्त्राला दिलेली ही फार सुंदर भेट आहे.

पण सारखं दिसतं म्हणजे तेच काम करतं असं नव्हे. शेवटची परीक्षा उरतेच. संशयित जनुकाची प्रत काढून ती ई. कोलाय या जीवाणूत घालायची. जीवाणू बिचारा हुकमाचा ताबेदार, तो ते एन्झाइम बनवतो. त्या एन्झाइमला कच्चा माल द्यायचा आणि काय बाहेर येतं ते यंत्रात पाहायचं. युजेनॉल आलं तरच शिक्कामोर्तब. मिशिगन विद्यापीठातल्या एरान पिचेर्स्की यांच्या गटाने २००६ मध्ये बेसिलमधलं युजेनॉल सिंथेज असंच सिद्ध केलं. तोवर हजारो वर्षं माणसं लवंग चघळत होती, पण शेवटचा कारागीर कोण ते कुणाला ठाऊक नव्हतं.

एका अक्षराचा फरक

आता माझी सर्वांत आवडती गोष्ट. पुदिना आणि पेपरमिंट दोघंही लिमोनिनपासूनच सुरुवात करतात. पुदिन्याचं एन्झाइम लिमोनिनच्या रेणूवर एका जागी ऑक्सिजन बसवतं, आणि पुढे पुदिन्याचा ओळखीचा वास देणारं कार्व्होन बनतं. पेपरमिंटचं एन्झाइम तोच ऑक्सिजन दुसऱ्या जागी बसवतं, आणि पुढे थंडगार मेंथॉल बनतं. २००० साली क्रोटो यांच्याच प्रयोगशाळेत पुदिन्याच्या एन्झाइममधल्या सुमारे पाचशे अमिनो आम्लांपैकी फक्त एक बदललं. ते पेपरमिंटच्या एन्झाइमसारखं वागू लागलं.

रात्री दोन वाजता एका चुकलेल्या अक्षरापायी सगळी सिस्टिम बसलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे चटकन पटेल.

याच्या उलट गोष्ट गुलाबाची. ती सांगण्याआधी आमच्या बैतूल भागातलं एक गवत सांगतो: रोशा. निमाड आणि खानदेशच्या डोंगरांत ते रानोमाळ उगवतं. त्याच्या तेलात जिरॅनिऑल भरपूर, आणि जिरॅनिऑल हा गुलाबाच्या वासातलाही मोठा भागीदार. म्हणूनच पूर्वी इथलं रोशाचं तेल मुंबईमार्गे तुर्कस्तानापर्यंत जायचं आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं! बेसिलच्या एका लिंबूवासाच्या वाणात जिरॅनिऑल बनवणारं जनुक २००४ मध्ये सापडलं. मग सगळ्यांना वाटलं, गुलाबातही त्याच घराण्यातलं जनुक असणार. शोधलं, पण पटेल असं काही मिळेना. शेवटी फ्रान्समधल्या संशोधकांनी वासाचा गुलाब आणि बिनवासाचा गुलाब शेजारी ठेवून तपासलं की पहिल्यात कुठलं जनुक जोरात चालू आहे आणि दुसऱ्यात बंद. २०१५ मध्ये उत्तर आलं. गुलाब हे काम अगदी वेगळ्याच घराण्यातल्या एन्झाइमकडून करून घेतो. उत्तर तेच, पण फंक्शन भलतंच. 'बरंचसं सारखं' शोधणारा सर्च तिथे कामी आला नसता.

दोन फुलं शेजारी ठेवून फरक शोधायचा. आमच्या लेकीच्या बश्यांची पद्धत याच जातीची होती, असं मी तिला सांगितलं. ती दोन दिवस शास्त्रज्ञाच्या थाटात वावरत होती.

आपल्याकडे

हे सगळं परदेशातच चाललंय असं मुळीच नाही. पुण्याला पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, डॉ. अशोक गिरी आणि डॉ. एच. व्ही. तुलसीराम यांच्या गटांनी चार प्रकारच्या तुळशींमधून युजेनॉल सिंथेजचं जनुक वेगळं काढलं आणि त्यांची तुलना २०१६ मध्ये प्रसिद्ध केली. (संशोधकाचं नावच तुलसीराम, हा योग मी आईला सांगितला. ती म्हणाली, "मग त्यांना कळणारच.") त्या चौघींमध्ये कापूर तुळसही होती, जिच्यात युजेनॉल नावालाच असतं. जनुक असणं आणि पदार्थ भरपूर बनणं यांत अंतर आहे. जनुक किती जोरात चालू आहे आणि आधीच्या टप्प्यांतून कच्चा माल किती येतो, यावरही पुष्कळ अवलंबून असतं. याच प्रयोगशाळेने २०१५ मध्ये चंदनाच्या तेलातल्या काही घटकांची जनुकंही शोधली आहेत.

तुळशीचा संपूर्ण जीनोमही २०१५ मध्येच वाचला गेला, आणि तोही दोन ठिकाणी: लखनौच्या सीमॅपमध्ये, आणि बेंगळुरूच्या एनसीबीएस व तिच्या सहयोगी संस्थांमध्ये. लखनौच्या गटाने जोडलेला मजकूर सुमारे ३८ कोटी ६० लाख अक्षरांचा आहे. सीमॅपने निवड करून काढलेला 'सिम-आयु' हा युजेनॉल जास्त असलेला तुळशीचा वाण शेतकऱ्यांपर्यंत पोहोचला आहे.

आणि आपलं भोपाळ? अवधपुरीहून शहर ओलांडून विमानतळाच्या बाजूला गेलं की भौंरीला आयसरचा परिसर लागतो. तिथल्या डॉ. विनीत शर्मा यांच्या गटाने हळदीचा जीनोम जगात प्रथम वाचून २०२१ मध्ये प्रसिद्ध केला: सुमारे १०२ कोटी अक्षरं, पन्नास हजारांवर जनुकं. कोरफड आणि गुळवेल यांचे जीनोमही तिथेच वाचले गेले. ज्या शहरात मी वीस वर्षं 'इथे काय होतंय' म्हणत आलो, तिथे आपल्या देव्हाऱ्यातली हळद अक्षर अक्षर वाचली गेली होती आणि मला पत्ता नव्हता. घरात बारावीची मुलं असतील आणि कॉम्प्युटर की बायोलॉजी असा वाद चालू असेल, तर सांगतो: या कामात दोन्ही लागतं. मला सतरा वर्षांचा असताना हे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

याचा उपयोग काय?

पहिला उपयोग शेतीत. कुठलं रोप कशाचं तेल देणार हे जनुकावरून रोपटं लहान असतानाच तपासता आलं, तर वर्षानुवर्षं वाट पाहावी लागत नाही.

दुसरा औषधात. दवणावर्गातल्या आर्टेमिसिया या सुगंधी झुडपात मलेरियावरचं आर्टेमिसिनिन सापडलं. त्यासाठी चीनच्या तू यूयू यांना २०१५ चं नोबेल मिळालं. त्या झुडपातली जनुकं यीस्टमध्ये घालून औषधाचा कच्चा माल टाकीत बनवता येतो, हे कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवून दिलं. चंदनासारख्या झाडाच्या बाबतीत तर हे फार महत्त्वाचं. त्याच्या गाभ्यात तेल साठायला वर्षानुवर्षं लागतात आणि चोरटे त्याआधीच कुऱ्हाड घेऊन येतात.

इथे एक सावधगिरीही. तुळशीत युजेनॉल आहे म्हणून दहा पानं चावून प्रत्येक आजार जातो असं नाही. लवंगेचं शुद्ध तेल पोटात घेणं तर धोक्याचं आहे, लहान मुलांना विशेषतः. जनुक सापडणं ही औषधाच्या वाटेवरची पहिली पायरी, शेवटची नव्हे.

आणि मालकीचा प्रश्न. १९९५ मध्ये हळदीने जखम भरते यावर अमेरिकेत पेटंट दिलं गेलं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या सीएसआयआरने जुने ग्रंथ पुराव्याला देऊन ते लढवलं, आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. निसर्गात आहे तसंच जनुक नुसतं वेगळं काढलं म्हणून त्यावर पेटंट मिळणार नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१३ मध्ये ठरवलं. पण आपल्या अंगणात काय आहे याची नोंद आपणच ठेवली नाही, तर भांडायला पुरावा कुठून आणणार?

परत मुलताई

हे सगळं मी वाचत होतो तेव्हा गॅलरीत काय चाललं होतं? त्या सहाही फांद्या कुजल्या. मी त्या काचेच्या बरणीत, पाण्यात पानांसकट बुडवून ठेवल्या होत्या आणि पाणी बदलायचं विसरलो होतो. वासाच्या जनुकावर पंधरा दिवस वाचन केलं, आणि ती जनुकं ज्या फांद्यांत होती त्या मारून टाकल्या. आई काही बोलली नाही. बरणी धुऊन पालथी घातली. ते न बोलणं मला जास्त लागलं.

मंजिऱ्यांतलं बी होतं. ते आईने पेरलं, अकरा रोपं आलीही. पण दोन-तीन रोपांची पानं चुरगळून ती म्हणाली, "हिच्यात तो आहे. हिच्यात जरा कमी." आता मला कारण माहीत होतं. बी म्हणजे फुलातून आलेलं. त्यात मधमाशीने शेजारच्या अंगणातला पराग आणलेला असू शकतो, आणि जनुकांची नवी फेरजुळणी होते. फांदी लावली तर मात्र तेच झाड पुढे चालू राहतं, तीच जनुकं, अक्षरशः प्रत. आईला हवा असलेला वास खात्रीने हवा तर फांदीच हवी होती.

रजिस्ट्रीला चार दिवस उरले होते. मी ऑफिसात सुट्टी टाकली आणि पहाटे पाचला आईला घेऊन निघालो. या वेळी दोनशे किलोमीटर जास्त वाटले नाहीत. मामाही नागपूरहून आले होते. घरातलं सामान बाहेर काढलेलं होतं, वृंदावनाला कुणीतरी मोटारसायकल टेकवून ठेवली होती. आईने कोवळ्या, फूल न आलेल्या आठ फांद्या निवडल्या. मी त्या ओल्या कापडात गुंडाळल्या, खालची पानं काढली, घरी आल्यावर निम्म्या वाळू मिसळलेल्या मातीत आणि निम्म्या दोन बोटं पाण्यात लावल्या. रोज सकाळी पाणी बदललं. फोनवर रिमाइंडर लावला होता.

बाराव्या दिवशी एका फांदीला पांढरा धागा दिसला. आधी मला ते पाण्यावरचं बुरशीचं तार वाटलं. लेकीने भिंग आणलं. मूळ होतं. आठांतल्या तीन जगल्या.

एक नागपूरला मामांकडे गेली. एक खालच्या काकूंनी मागून नेली. तिसरी आमच्या गॅलरीत, जुन्या कुंडीच्या शेजारी आहे. मुलताईचं घर आता नाही. मामांनी मोकळ्या जागेचा फोटो पाठवला होता, आई तो फार वेळ पाहत बसली नाही.

परवा संध्याकाळी दिवा लावताना तिने मला बोलावलं, एक पान चुरगळून माझ्या नाकासमोर धरलं. "आता तरी येतो का?"

मी डोळे मिटून वास घेतला. लवंग होती. थोडीशी, अगदी मागे, पण होती.

तुमच्या आजोळी, माहेरी, गावाकडे अशी एखादी तुळस असेल, तर घर विकण्याच्या वाटाघाटी सुरू होण्याआधीच दोन फांद्या आणा. आणि पाणी रोज बदला.